कोपराच्या उंचीवर व्हाइस

तेलंगणातल्या 65 सरकारी आयटीआयची प्रगत तंत्रज्ञान केंद्रं करायचं ठरलं. जून 2024 मध्ये मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी हैदराबादच्या मल्लेपल्ली आयटीआयमध्ये या कामाची पायाभरणी केली. टाटा टेक्नॉलॉजीजच्या साथीनं 2,324 कोटींची योजना आहे. त्यात रोबो आहेत, संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रं आहेत. याच शहरात फिटर ट्रेड शिकवून निवृत्त झालेल्या मला याचा आनंद आहेच. पण ही यंत्रं हाताळणाऱ्या पोरांच्या डोक्यावर छप्पर कसलं आहे, हे आधी विचारावंसं वाटतं.

फिटरचा पहिला धडा कानस चालवण्याचा. तुकडा पकडून ठेवणाऱ्या व्हाइसचे जबडे शिकणाऱ्याच्या कोपराइतके उंच हवेत, हे आम्ही फळ्यावर लिहून देतो. बाकडी मात्र सगळी एकाच मापाची! माझ्या वर्गात ठेंगण्या मुली पायाखाली खोक्याच्या फळ्या घेऊन उभ्या राहायच्या, उंच पोरं कमरेतून वाकायची. अशानं कानस डुलते, जॉबला, म्हणजे घासायच्या तुकड्याला, मधे फुगवटा येतो आणि वर आपणच म्हणतो, ‘याचा हात बसत नाही.’

एप्रिलमध्ये पत्र्याखाली दुपारचं प्रॅक्टिकल म्हणजे आणखी कठीण. घामट बोट लागलेल्या जागी कानस घसरते. संध्याकाळी ठेवलेल्या जॉबवर सकाळी बोटांचे तांबेरी ठसे उमटलेले असतात. शेजारी ग्राइंडर सुरू असला, की मायक्रोमीटर कसा वाचायचा हे मागच्या पोरांना ऐकूच जात नाही.

यावर सहकारी म्हणायचे, “फॅक्टरी में कौन कूलर लगा के देते मियाँ?” खरं आहे. पण कारखान्यात माणूस येत असलेलं काम करतो. इथं तो न येणारं शिकतो. शिकताना अंगात मुरलेली वाकडी ढब पुढे जन्मभर पाठ सोडत नाही.

उपाय फार महागही नाहीत. हैदराबादच्या देवरकोंडा बस्तीत 2017 साली काही घरांच्या छपरांवर परावर्तक आवरण घालून पाहिलं, तेव्हा आतली हवा सरासरी 2 अंशांनी थंड आढळली. 2023 मध्ये राज्यानं शीत छप्पर धोरण आणलं. सरकारी इमारतींना ते बंधनकारक आहे. उंची बदलता येणारी बाकडी आणि ग्राइंडरसाठी वेगळी खोली यांनाही परदेशी तंत्रज्ञान लागत नाही.

म्हणून केंद्र ताब्यात घेताना यंत्रांच्या यादीसोबत चार नोंदी व्हाव्यात : मे महिन्यात दुपारी दोनला आतलं तापमान किती, बाकडी वरखाली होतात का, शिकवणाऱ्याचा आवाज शेवटच्या बाकड्यापर्यंत पोचतो का आणि मुलींचं स्वच्छतागृह वर्कशॉपजवळ आहे का. एक जरी नोंद चुकली, तरी ठेकेदाराचं शेवटचं बिल अडवावं. मिलिमीटरचे चार-पाच शतांश इकडेतिकडे झाले तर आम्ही पोरांचा जॉब नापास करतो. इमारतीला माफी कशासाठी?