ओरिजिनलच्या नावानं चांगभलं!

"प्रिंटच आहे ना? मग एवढे पैसे?"

गोव्याहून मारिओ मिरांडाचं चित्र आणलं की हे वाक्य ऐकावंच लागतं. बोलणारे बहुधा घरचेच असतात. गंमत म्हणजे त्यांच्याच हॉलमध्ये उदयपूरहून आणलेलं हत्ती-अंबारीचं मिनिएचर टांगलेलं असतं. "हे मात्र ओरिजिनल हं!" कुणी काढलंय? माहीत नाही. सही? नाही. पण दुकानदार म्हणाला ना, जुन्या कागदावर खारीच्या केसांच्या ब्रशनं काढलंय म्हणून! विषय संपला.

मला या 'ओरिजिनल'चा मनापासून कंटाळा आलाय. फिरायला गेल्यावर चित्र घेताना आपण नेमका चुकीचा प्रश्न विचारतो, असं माझं ठाम मत आहे.

आधी मारिओचं बघू. लोटलीच्या या माणसानं आयुष्यभर काढलं ते मुख्यतः छापण्यासाठी. मिस निंबूपाणी काय, बंडलदास काय, लोकांना भेटले ते 'इलस्ट्रेटेड वीकली'त आणि वर्तमानपत्रांत. म्हणजे छापलेला कागद हेच त्या चित्रांचं घर. त्याची प्रिंट घेणं म्हणजे दुधाची तहान ताकावर भागवणं नव्हे!

आणि प्रिंटला नाकं मुरडणारे आपण कोण? राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतींवर आणि देवघरांत पोचल्या. आपल्या आज्या-पणज्यांनी त्यांना हात जोडले, तेव्हा "ओरिजिनल आहे का हो?" असं कुणी विचारलं नाही.

अर्थात प्रिंट-प्रिंटमध्ये फरक असतो, आणि गॅलरीवाले नेमका तिथेच घोळ घालतात. चित्रकार स्वतः लाकडावर किंवा तांब्याच्या पत्र्यावर कोरतो, त्यावरून मोजके कागद काढतो, खाली पेन्सिलीनं १२/५० असा आकडा घालून सही करतो. ती प्रिंट स्वतःच मूळ कलाकृती असते, तिच्यामागे दुसरं कुठलं 'खरं' चित्र नसतं. दुसरा प्रकार म्हणजे चित्र स्कॅन करून चांगल्या कागदावर चांगल्या शाईनं इंकजेटवर छापलेलं. यातही वाईट काही नाही. वाईट हे, की त्यालाच भारदस्त फ्रेंच नाव देऊन 'लिमिटेड एडिशन' म्हणून दसपट किमतीला खपवायचं. लिमिटेड म्हणजे किती? हेच चित्र दुसऱ्या साइझमध्येही निघालंय का? सही हातानं केलीय की तीही छापलेली? एवढं विचारा, विकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आता ते 'हातानं काढलेलं'. एकच चित्र पुन्हा पुन्हा काढलं म्हणून मी नावं ठेवणार नाही. मिनिएचरमध्ये खाक्यावरून रेषा उतरवून घेणं ही जुनी रीत आहे, गुन्हा नव्हे. गुन्हा आहे तो काढणाऱ्याचं नाव पुसण्याचा. वारलीचंच घ्या. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवचौक लिहिणाऱ्या बायकांना नाव घालायची गरज नव्हती, कारण सगळ्या पाड्याला माहीत असायचं कुणाचा हात आहे ते. जिव्या सोमा मशे यांनी तीच कला कागदावर आणली, नाव कमावलं, २०११ मध्ये पद्मश्री मिळवली. आणि आपण काय करतो? हिल स्टेशनला जाऊन तारपा-नाच छापलेला मग घेतो आणि 'ट्रायबल आर्टला सपोर्ट केला' म्हणून खूश होतो. अहो, कुणाला सपोर्ट केला? त्या मगातला एक रुपया तरी डहाणूला पोचला का?

खरा मुद्दा हाच आहे. मारिओ डिसेंबर २०११ मध्ये गेला. आपल्या कायद्यानुसार कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो, म्हणजे २०७१ संपेपर्यंत. परवानगीनं छापलेल्या प्रिंटचे पैसे हक्कदारांपर्यंत जातात. बेनामी 'ओरिजिनल'मधून काढणाऱ्याच्या हाती काय पडतं, हे विकणाराही सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही.

"नाव विचारलं की किंमत वाढते" असं कुणी म्हणेल. वाढू दे की! रिसॉर्टच्या बिलावर आपण घासाघीस करत नाही. ती नेमकी रस्त्याकडेला स्वतःची चित्रं मांडून बसलेल्या पोराशीच का करावीशी वाटते?

असो. भिंत तुमची, पैसे तुमचे. फक्त पुढच्या वेळी "ओरिजिनल आहे का?" ऐवजी "कुणाचं आहे?" असं विचारून बघा. उत्तर आलं नाही तर सरळ बाहेर पडा. शेजारच्या दुकानात काजू चांगले मिळतात :)