किमोनो कोणाचा, डफडे कोणाचे? सांस्कृतिक चोरीच्या वादात आमची बाजू

पाश्चात्त्य गायिकेने जपानी संस्कृती उचलली, हा वंशवाद आहे की नाही, यावर आमच्या काही तरुण मित्रांत गेल्या महिन्यात बरीच तावातावाने चर्चा झाली. गिरडसारख्या गावातल्या पोरांना ग्वेन स्टेफानी आणि केटी पेरीशी काय देणेघेणे, असे कोणी म्हणेल. आम्हाला मात्र हा वाद फार जवळचा वाटतो. दुसऱ्याची कला घ्यायची आणि ती घडवणारा माणूस दाराबाहेर ठेवायचा, हा व्यवहार या देशात जातीने हजारो वर्षे केला आहे. म्हणून या विषयावर बोलण्याचा पहिला अधिकार आमचा आहे.

आधी प्रकरण काय ते पाहू. 2004 मध्ये ग्वेन स्टेफानीने आपल्या अल्बमसोबत चार तरुणींचा ताफा आणला. टोकियोतल्या हाराजुकू भागाच्या फॅशनवरून त्यांना 'हाराजुकू गर्ल्स' हे नाव दिले. गायिका बोलायची, गायची, मिरवायची आणि या चौघी तिच्या मागे शोभेच्या बाहुल्यांसारख्या उभ्या राहायच्या. नोव्हेंबर 2013 मध्ये केटी पेरीने अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्सच्या मंचावर किमोनोसारखा पोशाख घालून, पंखे-छत्र्यांच्या गर्दीत गाणे सादर केले. 2014 मध्ये अॅव्हरिल लव्हीनच्या 'हॅलो किटी' या व्हिडिओत तिच्यामागे एकसारख्या कपड्यांतल्या, चेहऱ्यावर भाव नसलेल्या जपानी मुली नाचल्या. तिन्ही वेळा वंशवादाचा आरोप झाला.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सर्वात मोठा आवाज अमेरिकेतल्या आशियाई वंशाच्या लोकांनी उठवला. जपानमधल्या अनेकांना त्यात विशेष काही वाटले नाही. याचा अर्थ आरोप खोटा होता असा नाही. टोकियोत राहणाऱ्याला त्याच्या चेहऱ्यावरून रोज कोणी चिडवत नाही, अमेरिकेतल्या शाळेत जाणाऱ्या जपानी वंशाच्या मुलीला चिडवले जाते. ज्या डोळ्यांची वर्गात टिंगल होते तेच डोळे मंचावर सजावट म्हणून वापरले जातात, तेव्हा दुखणारच. अपमान कापडात नसतो, तो नात्यात असतो. कोण वर आहे आणि कोण खाली, हे पाहिल्याशिवाय चोरी आणि देवाणघेवाण यांतला फरक कळत नाही.

आता आपल्या देशात या. 2016 च्या जानेवारीत कोल्डप्लेचा 'हिम फॉर द वीकेंड' हा व्हिडिओ आला. चित्रीकरण मुंबईत, वरळीच्या किल्ल्याच्या परिसरातही झालेले. रंग उधळणारी पोरे, साधू, मोर आणि भारतीय दागिन्यांनी मढलेली बियॉन्से. लगेच ओरड झाली, की गोऱ्यांनी आमची संस्कृती विकायला काढली. आमचा प्रश्न साधा आहे. हे 'आमची' म्हणणारे कोण? ज्यांची पोरे रंग उधळताना दाखवली त्या वस्तीतल्या लोकांना कोणी विचारले? गोऱ्या माणसाने टिकली लावली की ज्यांच्या भावना दुखावतात, त्यांच्या भावना स्वतःच्या गावात डफडे वाजवणारा मांडवाबाहेर जेवायला बसतो तेव्हा कुठे जातात?

महाराष्ट्राचेच उदाहरण घेऊ. लावणी आज महाराष्ट्राची शान म्हणून दिल्लीच्या संचलनापासून अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या मंचापर्यंत मिरवली जाते. ही लावणी जगवली कोणी? महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या बायकांनी आणि ढोलकी-हलगी वाजवणाऱ्या हातांनी. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण. त्यांनी तमाशासाठी जात सोडली, त्यांच्या समाजाने त्यांना टाकले, 1945 मध्ये ते विपन्नावस्थेत गेले. त्यांची किंमत आम्ही नाकारत नाही. पण शाहीर म्हणून इतिहासात ते अमर झाले आणि ज्या महार समाजातल्या पवळाबाईमुळे लोक फडाला गर्दी करत, ती त्यांच्या चरित्रातले एक प्रकरण होऊन राहिली. एकाच मंचावरची दोन माणसे. एक प्रतिभावंत, दुसरी नाचणारी. ही वाटणी कलेने केली नाही, जातीने केली.

पुढे 1948 मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या सरकारने अश्लीलतेच्या नावाखाली तमाशावर बंदी घातली. नंतर बंदी उठली ती वग तपासून घेण्याच्या अटीवर, आणि 'लोकनाट्य' या सोवळ्या नावाने तमाशा मध्यमवर्गाच्या नाट्यगृहात गेला. तीच ढोलकी, तीच लावणी. माणसे बदलली आणि अश्लील ते अचानक अभिजात झाले. 'पिंजरा' 1972 चा. त्यात तमासगिरीण कोण? आदर्श मास्तराच्या अधःपतनाचे कारण. प्रेक्षकांनी लावण्यांवर शिट्ट्याही मारल्या आणि बाईला दोषही दिला. आणि विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर? राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली ही बाई शेवटच्या दिवसांत हलाखीत जगून 2002 मध्ये गेली. आता तिच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देते. जिवंतपणी औषधाला पैसे नाहीत, मेल्यावर नावाचा पुरस्कार!

इथे आमच्यातलेच काही मित्र म्हणतील, मग लावणी आमची आहे, ती आम्हाला परत द्या. आम्ही तसे म्हणत नाही. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून चळवळीसाठी देऊ केलेली मदत बाबासाहेबांनी नाकारली, हा प्रसंग चळवळीत प्रसिद्ध आहे. पैशाची गरज नव्हती म्हणून नव्हे, आपल्या बायकांना नाचवून मिळालेल्या पैशावर स्वाभिमानाची लढाई उभी राहत नाही म्हणून. आमच्या आज्या-आजोबांनी 1956 नंतर मेलेली ढोरे ओढणे सोडले, गावकीचे वाजवणे सोडले, ते उगाच नव्हे. जे काम जातीने लादले त्याला 'आपली संस्कृती' म्हणून कुरवाळणे हा सापळा आहे. पण सोडण्याचा हक्क आमचा होता, तसा हिशेब मागण्याचाही आहे. शैलजा पाईक यांनी तमासगीर दलित स्त्रियांवर 2022 मध्ये पुस्तक लिहिले ते नेमके याच दुखऱ्या जागी बोट ठेवून: त्या बाईला ना समाजाने माणूस मानले, ना कित्येकदा आपल्या सुधारणेने. ही टीका आम्हालाही लागू आहे आणि ती आम्ही ऐकली पाहिजे.

आता जपानकडे परत येऊ, कारण जपान आमच्यापासून दूर नाही. पुणे करारानंतर एका वर्षाने, 1933 मध्ये, निचिदात्सु फुजी गुरुजी वर्ध्याला आले. त्यांचा चामड्याचा हातढोल आणि 'नम्यो हो रेंगे क्यो' हा जप सेवाग्रामच्या प्रार्थनेत गेला. वर्ध्याचा विश्वशांती स्तूप आपण सर्वांनी पाहिला आहे. नागपूरचे भदंत सुरई ससाई मूळचे जपानचे. त्यांनी महाबोधी विहार मुक्तीचे आंदोलन उभे केले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस 1999 मध्ये जपानी मदतीने झाले. मग आम्ही जपानी संस्कृतीची चोरी केली का? नाही. देणाऱ्याने हाताने दिले, घेणाऱ्याने नाव घेऊन घेतले, आणि दोघे एका चटईवर बसले. आमच्या गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदच्या दर्ग्यात सगळ्या जातीधर्मांची माणसे चढतात. आमच्या भीमगीतांनी कव्वालीचा बाज तर सरळ मुसलमान कव्वालांकडून घेतला. नागोराव पाटणकर आणि प्रल्हाद शिंदे त्यातूनच घराघरात पोहोचले. उसनवारी हा गुन्हा असता तर आमची चळवळ मुकी राहिली असती.

आणि ज्या जपानी संस्कृतीच्या अपमानाबद्दल जग बोलते, तिच्या पोटातही अस्पृश्य आहेत. बुराकुमिन. ढोरे सोलणारे, चामडे कमावणारे, वस्तीबाहेर टाकलेले. 1871 च्या फर्मानाने त्यांचा दर्जा कागदावर संपला, पण 1975 मध्ये उघड झाले की बुराकू वस्त्यांच्या याद्या कंपन्या विकत घेत होत्या, अर्जदाराची 'जात' ओळखायला. जपानचा जगप्रसिद्ध तायको ढोल याच लोकांच्या हातांनी बनला. वाजवणाऱ्याला टाळ्या, चामडे ताणणाऱ्याला शिवी! 1922 मध्ये त्यांनी सुइहेइशा ही संघटना काढली, आणि 1987 मध्ये ओसाकाच्या नानिवा वस्तीतल्या तरुणांनी 'इकारी', म्हणजे 'संताप', या नावाने स्वतःचे ढोलपथक उभे केले. आता सांगा, केटी पेरीने अपमान केला तो कोणत्या जपानचा? 'जपानी संस्कृती' एकसंध नाही, 'भारतीय संस्कृती'ही नाही. राष्ट्राच्या नावाने गळा काढणारा बहुतेक वेळा आपल्या घरातले चामडे लपवत असतो.

म्हणून आमची कसोटी तीन प्रश्नांची आहे. कला घेताना घडवणाऱ्याचे नाव घेतले का? त्याचा मोबदला त्याच्या हातात पडला का? आणि मंचावर तो माणूस म्हणून उभा आहे की देखावा म्हणून? ग्वेन स्टेफानी तिसऱ्या प्रश्नात नापास. पण याच कसोटीवर आपला देशही लावा. 2021 मध्ये 'एन्जॉय एन्जामी' जगभर गाजले. लिहिले आणि गायले ते दलित कलावंत अरिवू यांनी, भूमिहीन मजुरांच्या आठवणीतून. त्या गाण्याचे कौतुक करणाऱ्या रोलिंग स्टोन इंडियाच्या मुखपृष्ठावर अरिवू नव्हते. पा. रंजित यांनी जाहीर जाब विचारला, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळे डिजिटल मुखपृष्ठ निघाले. हे गोऱ्यांनी केले नव्हते.

शेवटी स्वतःकडे. 14 एप्रिलला आपल्या मिरवणुकीत डीजेवर वामनदादा कर्डकांची गाणी वाजतात. नाचणाऱ्या किती पोरांना ती कोणाची आहेत हे ठाऊक असते? डीजेवाल्याला आगाऊ रक्कम, आणि गायन पार्टीच्या म्हाताऱ्या गायकाला नारळ आणि शाल. मित्रांनो, हीच ती चोरी, निळ्या झेंड्याखाली. येत्या जयंतीला प्रत्येक गाण्याआधी माइकवरून कवीचे नाव घ्या, गायकाचे मानधन आधी द्या, ढोलकीवाल्याला मंचावर खुर्ची द्या. एवढे केले तरच दुसऱ्याला वंशवादी म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!