दर्यावर्दी शिकणार केव्हां?

पिंपरी-चिंचवड व चाकण हा मुलूख आज यंत्रांचा झाला आहे. 1954 सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला, 1962 सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पुढें कारखान्यांची रांग लागली. या भरभराटीचें कारण भांडवल, हें खरें. पण शिक्षण हें तिचें दुसरें कारण आमचे व्यापारी वाचक सहसा विसरतात. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानें मालकांवर असें बंधन घातलें कीं, उमेदवार ठेवावे, त्यांस काम शिकवावें व शिकत असतां विद्यावेतनही द्यावें. शिकणाऱ्याच्या पोटास चिमटा बसूं नये, हेंच त्या कायद्याचें मर्म होय.

हीच कसोटी आतां आमच्या 720 किलोमीटर किनाऱ्यावरील मच्छीमारास लावून पाहूं. शिक्षणाची सोय मुळींच नाहीं असें नाहीं. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था 1961 पासूनची. परंतु तिचा भर उच्च शिक्षणावर. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचा नौकानयन व सागरी डिझेल इंजिनाचा वर्ग मात्र खास मच्छीमार तरुणांसाठीं आहे, व तो उपयुक्तही आहे. पण त्याची मुदत सहा महिने! पावसाळी मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै, म्हणजे अवघे 61 दिवस. तेव्हां वर्ग कोणत्याही महिन्यांत सुरू करा, हंगामाचे निदान चार महिने बुडणारच. ज्याच्या एकट्याच्या कमाईवर घर चालतें, त्यानें शिकावें केव्हां?

कोणी म्हणतील, माशाच्या पिलास पोहावयास कोण शिकवितो? वाऱ्याचें व भरती-ओहोटीचें वडिलोपार्जित ज्ञान अमोल आहे, यांत वाद नाहीं. पण वाडवडिलांच्या होडीस शीड होतें. आजच्या नौकेस इंजिन, बिनतारी संदेशयंत्र व उपग्रहावरून मार्ग दाखविणारें यंत्र आहे. शिवाय 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा 2021 सालीं अधिक कडक झाला. कायदा ठाऊक नव्हता ही सबब न्यायासनापुढें चालत नाहीं. म्हणूनच तो ठाऊक करून देणें हें सरकारचें कर्तव्य ठरतें.

आमची सूचना साधी आहे. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तीन पावसाळ्यांत वांटावा, व वर्ग बंदरोबंदरीं भरवावे. बंदीच्या दिवसांत समुद्रावर सराव होणार नाहीं, हा आक्षेप अर्धाच खरा. इंजिन उघडून जोडणें, नकाशा वाचणें, मासळी बर्फांत नीट राखणें हीं कामें किनाऱ्यावरच शिकावयाचीं. उरलेला सराव हंगामांत शिक्षकाच्या देखरेखीखालीं व्हावा. इंजिनाचे कसबी कारागीर तर याच औद्योगिक पट्ट्यांत आहेत. कारखानदारांनीं त्यांतले मोजके दोन महिने किनाऱ्यावर पाठविले तर त्यांचें काय अडेल?

2025 सालीं राज्यानें मत्स्यव्यवसायास शेतीचा दर्जा दिला, तें उचितच झालें. पण दर्जा कागदावर मिळतो, कसब हातांत यावें लागतें; आणि तें यावयाचें तर शाळेनेंच दर्याचें पंचांग पाहिलें पाहिजे.