बाकावर बसलेला नवरा

आपल्याकडे गर्भवतीच्या कौतुकात उणे काही नसते. चोरओटी होते, डोहाळजेवण होते, फुलांची वाडी भरली जाते, बर्फी की पेढा हेही पाहून होते. या सोहळ्यात नवऱ्याचे काम फार तर शेजारी बसून छायाचित्र काढून घेण्याचे. पुढे पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी जाते आणि हा खानावळीचा डबा लावतो. तपासणीच्या दिवशीही तो बाहेरच्या बाकावर असतो. आत लोहाच्या गोळ्यांविषयी बोलणे होते. परंतु या काळात शरीरसंबंध ठेवावा की नाही, हा दोघांनाही छळणारा प्रश्न ना कोणी विचारतो, ना कोणी आपण होऊन त्याचे उत्तर देतो.

या मौनाचे परिणाम दुहेरी आहेत. कोणी आपला हक्क म्हणून पत्नीच्या थकव्याकडे काणाडोळा करतो. कोणी भीतीपोटी तिला स्पर्श करणेच सोडतो आणि आपण बेढब झालो म्हणून हा दुरावला, असे ती मनात धरून बसते. वास्तविक गर्भ गर्भजलात सुरक्षित असतो. गर्भारपण निर्वेध असेल तर संबंधाने त्याला इजा पोचत नाही. रक्तस्राव, पाणी जाणे, वार खाली असणे किंवा अकाली प्रसूतीचा धोका असेल तर मात्र तो टाळलाच पाहिजे, आणि हे डॉक्टरांनीच सांगावयाचे. पहिल्या तीन महिन्यांत मळमळीने तिची इच्छा बहुधा ओसरते, मधल्या काळात अनेकींची ती परतते. पण याचे काही पंचांग नाही. तिलाच विचारावे, आणि ती ‘नको’ म्हणाली तर रुसू नये. रात्री पोटरीत गोळा आल्यावर उठून पाय चोळणारा नवराही प्रेमच करीत असतो.

र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवून, खटले अंगावर घेऊन, कामजीवनाविषयी मराठीत स्पष्ट लिहिले. तरी आपली जीभ अजून रेटत नाही! कायद्याची नजरही पत्नीपुरतीच. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी मातेची रजा सव्वीस आठवड्यांची झाली. पित्याचा तीत उल्लेखही नव्हता. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना तेवढी पंधरा दिवसांची रजा आहे.

सरकारी रुग्णालयांत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी होते. तिची संमती असेल तर त्या दिवशी नवऱ्यासाठी आत एक खुर्ची मांडावी, एवढीच आमची सूचना आहे. आणि त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा मागणाऱ्या कारकुनाला वा मास्तरांना साहेबांनी आणि मुख्याध्यापकांनी ती न हसता द्यावी.