कॉम्प्युटरवरचं गाणं : पैसे कशावर खर्चावेत?



धुळ्याहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. मुलगा शिकायला पुण्याला गेला, त्याने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना कॉम्प्युटर घरी राहिला. दुपारची कामं आटोपली की त्यावर गाणी ऐकावीत असं या बाईंना वाटतं. बालगंधर्वांची पदं, लताबाईंची जुनी गाणी, आणि एक घरची कॅसेट. त्या कॅसेटमध्ये त्यांच्या आईने आणि मावश्यांनी म्हटलेली कानबाईची गाणी आहेत. आई आता नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, आधी वेगळं साउंड कार्ड घ्या आणि हे दोन हजार वॅटचे स्पीकर घ्या, घर हादरेल!" यजमान म्हणाले, "मुलाला विचार." मुलगा फोनवर म्हणाला, "आई, मोबाईलवर ऐक ना!" शेवटी त्यांनी आपल्याला विचारलं आहे.

तर पहिलं सांगायचं ते हे की घर हादरवायचं नाही, गाणं ऐकायचं आहे. आणि त्यासाठी कोणाला विचारायची फारशी गरजही नाही. जळगावच्या सराफ बाजारात सोनं घेताना आपण बावीस कॅरेट, घट, मजुरी सगळं विचारून दुकानदाराला घाम फोडतो. मग विजेची वस्तू म्हटली की आपणच का गप्प बसतो बरं?

साउंड कार्ड म्हणजे काय, ते आधी बघू. कॉम्प्युटरमध्ये गाणं असतं ते आकड्यांच्या रूपात. त्या आकड्यांचे विजेचे तरंग करणारी आणि ते स्पीकरच्या वायरीत सोडणारी जी पाटी, ते साउंड कार्ड. पूर्वी कॉम्प्युटरला पीं-पीं करण्यापलीकडे आवाज नव्हता. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ साली साउंड ब्लास्टर नावाचं कार्ड काढलं, तेव्हापासून लोक ते वेगळं विकत आणून बसवू लागले. पण पुढे हे काम कॉम्प्युटरच्या पोटातल्या मुख्य पाटीवरच होऊ लागलं. गेल्या वीसेक वर्षांतला कोणताही कॉम्प्युटर घ्या, आवाजाची सोय त्यात असतेच, आणि ती घरात गाणी ऐकायला पुरेशी चांगली असते. पाठीमागे बघा, रंगीत भोकं दिसतील. हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं, आणि निळं बाहेरचा आवाज आत घेण्याचं. हे निळं लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

म्हणून या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. शंभर रुपये खर्चायचे ठरवले असतील तर निदान ऐंशी स्पीकरवर घाला. कार्डाच्या चांगल्या-वाईटातला फरक ऐकायला कान लावून बसावं लागतं. स्पीकरमधला फरक स्वयंपाकघरातून पोळ्या लाटतानाही कळतो.

वेगळं कार्ड घ्यावं असा प्रसंग तसा क्वचितच येतो. गाणं बंद असतानाही स्पीकरमधून किरकिर येत असेल आणि माउस हलवला की ती बदलत असेल, तर कॉम्प्युटरच्या पोटातली विजेची कुरबुर आवाजात शिरते आहे असं समजावं. तेच स्पीकर घरातल्या मोबाईलला जोडून बघा, मात्र तेव्हा मोबाईल चार्जरला लावलेला नको. तिथे स्वच्छ वाजले तर दोष कॉम्प्युटरचा. मग यूएसबीला लावायचं लहानसं बाहेरचं कार्ड घेतलं की काम भागतं. ते डब्याच्या बाहेर असल्याने आतली कुरबुर त्यात सहसा उतरत नाही. पण किरकिरीऐवजी सारखी जाडसर घूंऽऽ येत असेल, तर आधी कॉम्प्युटर आणि स्पीकर दोन्ही एकाच बोर्डावर लावून बघा. वेगवेगळ्या ठिकाणचं अर्थिंग आपसात भांडतं तेव्हा असा आवाज येतो. कोणी सुचवेल की प्लगची तिसरी जाड पिन काढून टाका, घूं जाईल. तसं मुळीच करू नका. ती पिन जिवाच्या रक्षणासाठी असते.

आता स्पीकर, आणि ते दोन हजार वॅट! खोक्यावर मोठ्या अक्षरात 'पीएमपीओ' असं लिहिलेलं असतं. म्हणजे क्षणाच्या एखाद्या हिश्शात कधी काळी जो जोर निघू शकेल असा विकणाऱ्याने काढलेला हिशेब. त्याला ना ठरलेलं माप, ना शेंडा ना बुडखा. खोकं उलटं करा आणि बारीक अक्षरात 'आरएमएस' किती ते शोधा. सतत वाजताना मिळतो तो खरा जोर तो. बैठकीच्या खोलीला दोन्ही स्पीकर मिळून दहा ते वीस वॅट आरएमएस भरपूर झाले. जे स्पीकर फक्त यूएसबीच्या वायरीवर चालतात, भिंतीतल्या प्लगला लावावे लागत नाहीत, त्यांचं गणित तर घरच्या घरी करता येतं. जुन्या कॉम्प्युटरच्या यूएसबीतून पाच व्होल्ट आणि अर्धा अँपियर वीज मिळते, म्हणजे झाले अडीच वॅट. त्यातून हजार वॅट कुठून येणार? ओलं बोळकं पिळून तेल काढण्यातला प्रकार. टेबलाजवळ बसून एकटीने ऐकायला ते चालतील, खोलीभर ऐकायला भिंतीच्या प्लगवर चालणारेच घ्यावेत.

भरताचं वांगं निवडताना आपण आकाराच्या मानाने हलकं बघतो, बी कमी निघतं म्हणून. स्पीकरचं याच्या उलट. एकाच आकाराचे दोन उचलून बघा, त्यातला जड तो बहुधा चांगला. आत लोहचुंबक मोठं असतं आणि पेटी लाकडाची किंवा जाड फळीची असते. पातळ प्लास्टिकची पेटी गाण्याबरोबर स्वतःही थरथरते, मग आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. पेटीवर बोटाने टिचकी मारा. ठक् वाजली तर ठीक, टणटणली तर पुढे चला.

'दोन पॉइंट एक' म्हणून जो संच मिळतो त्यात दोन लहान स्पीकर आणि एक मोठा, ढोल्या आवाजाचा डबा असतो. घरात तरुण मंडळी असतील आणि लग्नातल्या अहिराणी गाण्यांच्या ठेक्यावर पाय थिरकवायचे असतील तर तो घ्यावा. पण पत्र लिहिणाऱ्या बाईंची आवड निराळी आहे. त्यांनी तेवढ्याच पैशांत मोठा डबा नसलेली, जरा बऱ्यापैकी आकाराच्या दोन स्पीकरांची जोडी घ्यावी असं मी सांगेन. स्वस्तातल्या संचात डबा धडधडतो आणि लहान स्पीकर किरटे असतात, त्यामुळे नेमका माणसाच्या गळ्याचा आवाज मधल्या मध्ये हरवतो.

दुकानात जाल तेव्हा स्वतःची गाणी घेऊन जा, मोबाईलमध्ये का असेनात. दुकानदार त्याचंच धमाकेदार गाणं लावेल. त्याला हसून म्हणावं, "भाऊ, आता माझं लावा." लताबाईंचं एखादं जुनं, तुम्हाला तोंडपाठ असलेलं गाणं लावा. त्यांचं आजोळ आपल्या शिरपूर तालुक्यातलं थाळनेर, तेव्हा खानदेशातल्या बायकांनी त्यांचा आवाज कसोटीला लावावा हा आपला हक्कच म्हणा ना! गाण्यातला 'स' आणि 'श' सुईसारखा कानात टोचत असेल तर तो स्पीकर नको. मग तबल्याचं काही लावा. डग्ग्याचा घुमारा गोल यावा, नुसता भद् भद् नको. मागे तंबोरा असेल तर आवाज कमी केल्यावरही तो ऐकू यायला हवा. हळू लावल्यावर गाणं भरलेलं वाटतं की नाही, ही खरी परीक्षा, कारण दुपारी शेजारी निजलेले असताना आपण हळूच लावणार.

बालगंधर्वांबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. जळगावात त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, जानेवारीत त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव भरतो. पण त्यांची पदं आपण ऐकतो ती मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेली. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात अगदी बारीक आणि अगदी जाड असे दोन्ही सूर कमीच टिपले जात, आणि सुईची खरखर मात्र भरपूर. चकचकीत आवाजाच्या स्पीकरवर ती खरखरच आधी ऐकू येते. तेव्हा कॉम्प्युटरवर बारीक आवाज कमी करण्याची जी सोय असते, ती अशा पदांपुरती थोडी खाली आणा. या तबकड्या एकाच वाहिनीच्या आहेत, डावा-उजवा असा भेद त्यात नाही. स्पीकर दोन असले काय नि एक असला काय, पद तेच. १९७६ साली जळगाव आकाशवाणी सुरू झाली तेव्हापासून कित्येक घरांनी रेडिओच्या एकाच स्पीकरवर गाणी ऐकली, आणि कोणाचं काही अडलं नाही.

घरी आणल्यावर स्पीकर कपाटाच्या कोपऱ्यात कोंबू नका, कोपऱ्यात जाड आवाज फुगतो. दोघांमध्ये हात-दीड हात अंतर ठेवून, बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे आपल्याकडे तोंड करून ठेवा. आपली जुनी धाब्याची घरं मातीच्या भिंतींची, आवाज पिऊन टाकणारी. आता स्लॅब आणि गुळगुळीत फरशी, त्यामुळे गाणं खोलीभर आपटत फिरतं. समोर जाडसा पडदा सोडा, खाली सतरंजी किंवा जुनी गोधडी टाका. बिनपैशाची ही सुधारणा महागड्या कार्डापेक्षा जास्त कळून येते. घरात सासूबाईंना कमी ऐकू येत असेल तर आवाज चढवण्याऐवजी त्यांची खुर्ची जवळ घ्या. चढ्या आवाजात शब्द आणखीच फाटतात.

आता ती कॅसेट. पत्र वाचलं तेव्हा माझं लक्ष सगळ्यात आधी तिच्याकडे गेलं. पदं आणि सिनेमाची गाणी जगात शेकडो ठिकाणी आहेत, आज नाही तर उद्या ऐकता येतील. कानबाईच्या रात्री म्हटलेली आईची गाणी त्या एका फितीवरच आहेत. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी ओव्या टिपून ठेवल्या म्हणून १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं, तेही त्या गेल्यानंतर. आपल्या आयाबायांच्या गाण्यांना लिहून घेणारं कोणी नव्हतं, पण ऐंशी-नव्वदच्या सालात कोणाच्या तरी घरी टेपरेकॉर्डर होता, हे नशीबच.

पण फीत नाशवंत आहे. आपल्याकडचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांना टेकतो. पत्र्याखालच्या माळ्यावरच्या ट्रंकेत कॅसेट असेल तर आजच खाली उतरवा आणि भिंतीतल्या गार कपाटात ठेवा. टीव्ही किंवा स्पीकरला टेकवून ठेवू नका, लोहचुंबक फितीला बाधतं. मग कॅसेटच्या वरच्या कडेला प्लास्टिकच्या दोन लहान चिपा असतात, त्या चमच्याच्या दांड्याने मोडून टाका. चिपा मोडल्या की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी गाणी पुसली जात नाहीत.

इथे निळ्या भोकाचं काम येतं. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून दोन्ही टोकांना पिन असलेली वायर त्या निळ्या भोकात जोडायची आणि कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम लावायचा. बरेच लॅपटॉप आणि स्वस्तातली बाहेरची कार्डं यांना निळं भोक नसतं, नुसतं माइकचं असतं. ते फार हळवं असतं, टेपचा आवाज अगदी बारीक ठेवला नाही तर गाणं फाटतं. म्हणून वेगळ्या कार्डावर पैसे घालायचेच असतील तर ते याच कामासाठी घालावेत, आणि घेताना "यात लाइन-इन आहे ना?" एवढं विचारावं.

मूळ ज्या टेपरेकॉर्डरवर भरली तोच चालू असेल तर त्यावरच वाजवा, आवाज जास्त उजळ येतो. बहुधा त्याचा रबरी पट्टा सैल झालेला असेल. टेप दुरुस्त करणारे कमी झाले असले तरी गल्लीबोळात अजून सापडतात. हेड स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून घ्या. कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. मग एकदाच, न थांबता, भरून घ्या. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात. घाई चालत नाही, तेव्हा कुकर आधी लावून घ्यावा. आवाजाची पट्टी तांबड्या रेषेला लागू देऊ नका. फाइल आधी 'वेव्ह' प्रकारात ठेवा. तासाला सुमारे सहाशे एमबी जागा लागेल, लागू द्या. मुलाला पाठवण्यासाठी एमपी-थ्री करा, ती साठेक एमबीत बसते. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, एक पेनड्राइव्हवर आणि एक भावाच्या किंवा बहिणीच्या घरी असू द्या. खरखर पुसण्याची घाई मात्र करू नका. मूळ फाइल तशीच राहू द्या, काय करायचं ते तिच्या नकलेवर.

फाइलीला नाव देताना नुसतं 'कानबाई १' असं देऊ नका. साल, गाव, कोणाच्या घरी म्हटली आणि कोणत्या गाण्यात कोणाचा आवाज पुढे आहे ते लिहा. मावश्यांपैकी ज्या हयात असतील त्यांना श्रावणाआधीच घरी बोलवा, नवे स्पीकर लावा आणि कागद-पेन घेऊन शेजारी बसा. मधेच कोणीतरी खोकलेलं असेल, लहान मूल रडलेलं असेल, तेही कोण होतं ते विचारून घ्या.