बाळंतीण सुखरूप, पण तेवढे पुरेसे आहे काय?

पहिले बाळंतपण माहेरी करावयाचे, ही आपल्याकडील जुनी रीत. सातव्या महिन्यात ओटी भरली जाते, डोहाळजेवण होते, बाळंतविड्याची तयारी सुरू होते. कोणत्या रुग्णालयात नाव घालावयाचे, रात्री-अपरात्री गाडी कोणाची आणावयाची, डिंकाचे लाडू कोणी वळावयाचे, हे सारे ठरलेले असते. ठरविता येत नाही ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे प्रत्यक्ष प्रसूती. कळा आठ तासांत सरतील की वीस तासांनीही बाळ अडूनच राहील, हे जाणत्या सुईणीलाही आधी सांगता येत नसे आणि आजच्या प्रसूतितज्ज्ञालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. पुढे ‘बाळ-बाळंतीण सुखरूप’ एवढा निरोप आला की साऱ्या प्रश्नांवर पडदा पडतो. आणि तो आला नाही, तर दोष नशिबाच्या माथी जातो. ठरल्याप्रमाणे न होणे हा निसर्गाचा भाग होय. परंतु तशा वेळी त्या स्त्रीच्या वाट्याला काय येते, हा मात्र समाजव्यवस्थेचा भाग आहे. म्हणून हा विषय माजघरातून काढून सार्वजनिक चर्चेत आणणे अवश्य झाले आहे.

प्रथम जमेची बाजू सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे २००४-०६ या काळात १३० माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये ही संख्या ३३ पर्यंत उतरली. त्याच काळात देशाची सरासरी ९७ होती आणि आपल्यापुढे एकटे केरळ होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीप्रमाणे राज्यातील सुमारे ९५ टक्के प्रसूती रुग्णालयांत वा आरोग्य केंद्रांत होत होत्या. ज्या आशा कार्यकर्तींनी आणि परिचारिकांनी पायपीट करून हे घडविले, त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु दवाखान्याच्या दारापर्यंत स्त्रीला आणून पोहोचविणे हे अर्धेच काम होय. दाराच्या आत काय होते, हा उरलेला अर्धा प्रश्न आहे.

त्याच पाहणीतील आणखी दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. देशातील सरकारी रुग्णालयांत १०० पैकी सुमारे १४ प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. खाजगी रुग्णालयांत ४७. महाराष्ट्राचे एकूण प्रमाण २०१५-१६ मध्ये २० टक्के होते, ते पाचव्या फेरीत २५ टक्क्यांवर गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली स्पष्ट केले की, लोकसंख्येच्या पातळीवर शस्त्रक्रियेचे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने माता वा अर्भकांचे मृत्यू अधिक घटल्याचे आढळत नाही. सरकारी रुग्णालयाचा उंबरठा ओलांडून खाजगी रुग्णालयात पाऊल टाकताच स्त्रीच्या शरीराची घडण बदलते, असे कोणी म्हणणार नाही. मग हा तिपटीहून अधिक फरक कोठून आला?

डॉक्टरांना लोभी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ते न्याय्य मात्र नाही. लहान खाजगी प्रसूतिगृहात बहुधा एकच प्रसूतितज्ज्ञ असतो. भूलतज्ज्ञाला बाहेरून बोलवावे लागते, आणि तो मध्यरात्री मिळेलच असा भरवसा नसतो. काही विपरीत घडले तर तोडफोडीचे भय आणि ग्राहक न्यायालयाची टांगती तलवार असते. रात्रभर जागून पार पाडलेल्या प्रसूतीचे शुल्क तासाभराच्या शस्त्रक्रियेहून कमी असते. मुहूर्त पाहून बाळ काढा, असा आग्रह धरणारे सुशिक्षित नातेवाईकही काही थोडे नाहीत. या साऱ्याचा कल एकाच दिशेला आहे, आणि ती दिशा म्हणजे वाट न पाहण्याची.

पहिलटकरणीच्या बाबतीत मात्र वाट पाहणे हाच शास्त्राचा उपदेश आहे. अमेरिकेतील डॉ. फ्रीडमन यांच्या १९५५ च्या अभ्यासावरून, गर्भाशयाचे मुख ताशी सुमारे एक सेंटीमीटर या गतीने उघडले पाहिजे, असा दंडक रूढ झाला. गती मंदावली की हस्तक्षेप, असा त्याचा व्यवहार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली हा दंडक सरसकट लावू नये असे सांगितले. माता आणि बाळ ठीक असतील तर केवळ घड्याळाकडे पाहून शस्त्रक्रिया करू नये, पहिल्या खेपेस जोराच्या कळांचा काळ १२ तासांपर्यंतही जाऊ शकतो, असे तिचे मत आहे. पहिल्या खेपेचा निर्णय पहिल्या खेपेपुरता राहत नाही, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. एकदा गर्भाशयावर व्रण पडला की दुसऱ्या वेळीही शस्त्रक्रियेचाच सल्ला मिळण्याचा संभव वाढतो. आणि शस्त्रक्रियांच्या संख्येबरोबर वार त्या व्रणाला घट्ट चिकटून जीवघेणा रक्तस्राव होण्याचा धोकाही वाढत जातो.

याचा अर्थ शस्त्रक्रिया वाईट, असा कोणी लावू नये. अडलेल्या बाळंतिणीला तिच्याइतका मोठा आधार दुसरा नाही. आणि ज्यांना तो हवा आहे त्यांनाच तो वेळेवर मिळत नाही, ही या कथेची दुसरी, अधिक काळी बाजू आहे. धडगाव, अक्कलकुवा, मेळघाट, भामरागड या भागांत घरून निघण्यास विलंब, वाटेत विलंब आणि पोहोचल्यावर उपचारास विलंब, अशा तिहेरी विलंबाशी गाठ असते. ग्रामीण रुग्णालयात शस्त्रक्रियागृह असते, तर भूलतज्ज्ञ नसतो. डॉक्टर असतो, तर रक्ताची पिशवी नसते. मग ‘पुढे न्या’ अशी चिठ्ठी हाती पडते आणि कळा देणारी स्त्री पुन्हा घाटरस्त्याला लागते. एकाच राज्यात एकीला सुरी फार लवकर लागते आणि दुसरीला फार उशिरा. वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन दुखण्यांचे मूळ एकच आहे. तज्ज्ञ तेथे जातात जेथे पैसा आहे. आणि शेजारी बसून, नाडीवर हात ठेवून, शांतपणे वाट पाहणारे प्रशिक्षित माणूस कोठेच पुरेसे नाही.

पैशाचा हा प्रश्न २०२५ साली पुण्यात उग्रपणे पुढे आला. एका गर्भवतीला दाखल करून घेण्यापूर्वी मोठी अनामत मागितली गेली, असा आरोप तिच्या कुटुंबीयांनी केला. ती माता पुढे अन्यत्र प्रसूत होऊन मरण पावली. त्या आरोपाचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. परंतु तातडीच्या रुग्णाचा जीव वाचविणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितले होते, आणि राज्याच्या २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांत रुग्णहक्कांची सनदही आहे. सनद भिंतीवर टांगून हक्क मिळत नाहीत, एवढाच त्याचा धडा.

आता त्या स्त्रीच्या मनाविषयी. ऐन कळांत, अर्धवट शुद्धीत, तिच्यापुढे संमतिपत्राचा कागद येतो. आत काय झाले, का झाले, हे घरी जातानाही तिला कोणी नीट सांगत नाही. उलट, ‘हल्लीच्या मुलींना कळा सोसत नाहीत’ हा शेरा मात्र आप्तांकडून हमखास मिळतो. बाळ मांडीवर असताना दुःख कसले, म्हणून ती गप्प राहते. बाळ हाती लागलेच नसेल, तर तिच्या मौनाला सीमाच नसते. प्रसूतीच्या वेळी जवळची एक स्त्री सोबत असू द्यावी, अशी मुभा केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी रुग्णालयांना दिली. ज्या उपायाला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही, तोही किती प्रसूतिकक्षांत अमलात आला, याचा शोध प्रत्येक जिल्हा परिषदेने घ्यावा.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी माता झाल्या आणि त्यांचे बाळ दहा दिवसांत गेले. त्या आघातातून त्या वैद्यकाकडे वळल्या, १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, आणि त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो प्रसूतिशास्त्राचा. दैवाला बोल लावून त्या थांबल्या नाहीत. महाराष्ट्राने त्यांचे नाव अभिमानाने घ्यावयाचे, तर त्यांची ही वृत्तीही घेतली पाहिजे.

तिचा आजचा अर्थ स्पष्ट आहे. प्रत्येक रुग्णालयाने, सरकारी असो वा खाजगी, आपल्या शस्त्रक्रियांचे प्रमाण, त्यातही पहिलटकरणींचे, दरवर्षी जाहीर करावे. केंद्राने २०१८ साली योजिलेल्या प्रशिक्षित प्रसूतिसेविका कागदावरून प्रसूतिकक्षात याव्यात. दुर्गम तालुक्यांत भूलतज्ज्ञ आणि रक्ताची सोय यांची जबाबदारी नावानिशी ठरावी. आणि घरी जाणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीला, तिच्या बाबतीत काय घडले ते तिच्या भाषेत समजावून सांगणे, हा उपचाराचाच भाग मानावा.

निसर्ग ऐनवेळी वळण घेणारच. त्या वळणावर स्त्रीला कोण भेटते, हे मात्र आपण ठरवू शकतो. आणि जे ठरविता येते ते न ठरविण्याची सबब नशिबावर ढकलता येणार नाही.