उघाडी, भरती आणि मुंबईचे एक लाडके मिथक

१/ मुंबई तुंबली की दर पावसाळ्यात एक वाक्य फिरू लागते : ‘इंग्रजांनी गटारे उत्तम बांधली, आपण ती बिघडवली.’ त्यावर दुसरे वाक्य येते : ‘गटारांच्या मुखांशी झडपा बसवा, प्रश्न मिटेल.’ दोन्ही वाक्ये इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत. हा थ्रेड त्यांच्या प्रतिवादासाठी.

२/ प्रथम झडपेविषयी. फ्लॅप व्हॉल्व्ह म्हणजे नळाच्या किंवा नाल्याच्या मुखाशी, वरच्या कडेला बिजागरीवर टांगलेले दार. आतले पाणी बाहेरच्यापेक्षा उंच असेल तर ते दार ढकलून बाहेर पडते. समुद्र चढला की त्याच्याच दाबाने दार मिटते. माणूस लागत नाही, इंधन लागत नाही.

३/ नाव इंग्रजी म्हणून कल्पनाही इंग्रजी असावी, असा समज रूढ आहे. रायगडच्या खारपट्ट्यातील शेतकरी मात्र बांधातल्या अशा दाराला ‘उघाडी’ म्हणतो. गोव्याच्या खाजणांत तेच काम लाकडी फळ्यांचे ‘मानस’ करते, आणि गोव्यातील खाजणशेती पोर्तुगीजांच्या आगमनापेक्षा जुनी आहे.

४/ मात्र ‘आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते’ एवढ्यावर थांबणे हा आळस ठरेल. खाजणाचे यश एकट्या दाराचे नव्हते. दार मिटलेले असताना आतले पाणी थांबण्यासाठी खाजणात ‘पोय’ म्हणजे खाडीचा आतला फाटा मोकळा राखलेला असे. ओहोटी लागेपर्यंत पाणी तिथे विसावे.

५/ दुसरा आधार देखभालीचा. कुलाबा जिल्ह्यातील शिलोत्री पद्धतीत बाहेरच्या बांधांच्या दुरुस्तीसाठी कुळांकडून भाताच्या रूपाने वेगळा हिस्सा घेतला जाई. बिजागरीत एक ओंडका अडकला तरी दार उघडे राहते आणि खारे पाणी शेतात शिरते, हे त्या व्यवस्थेला पक्के ठाऊक होते.

६/ आता मुंबई. १८व्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी वेलार्डने महालक्ष्मी आणि वरळी यांमधले खिंडार बुजवले. भरतीचे पाणी ज्या सखल पट्ट्यात पसरत असे, तो पुढे भराव घालून वस्तीखाली आला. खाजणाच्या भाषेत सांगायचे तर बांध घातला आणि पोय बुजवली.

७/ इंग्रज अभियंत्यांना ही अडचण कळली नव्हती असे नाही. १९व्या शतकातच लव्हग्रोव्ह येथे मैलापाणी पंपाने उपसण्याची सोय त्यांनी केली. पावसाचे पाणी मात्र उतारावर सोडून दिले. तासाला सुमारे २५ मिलिमीटर पाऊस, आणि तोही ओहोटीच्या वेळी, एवढीच त्या गटारांची कुवत होती.

८/ मुंबईत पर्जन्यजलाची १८६ मुखे मोजली गेली. त्यांतील ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आणि १३५ तिच्या वर, पण भरतीच्या पातळीखाली. भरतीतही मोकळी राहणारी मुखे फक्त ६. हा दोष कोणा नगरसेवकाच्या काळात निर्माण झालेला नाही. तो बांधणीतच होता.

९/ अशा शहरात नुसत्या झडपा लावल्या तर काय होईल? भरती येताच त्या मिटतील. समुद्र बाहेर राहील आणि पाऊस आत कोंडला जाईल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्याच दुपारी भरतीही होती. त्या वेळी मिटलेले दार लाखो लोकांच्या घरांत शिरलेले पाणी बाहेर काढू शकले नसते.

१०/ प्लास्टिक, अतिक्रमणे, मिठी नदीचा आवळलेला गळा हे आक्षेप खरेच आहेत. त्यांनी संकट अनेक पटींनी वाढवले आणि त्याची जबाबदारी स्वातंत्र्योत्तर मुंबईचीच आहे. पर्जन्यजलासाठी पंप हवेत, हे ब्रिमस्टोवॅड अहवालाने १९९३ मध्येच सांगितले होते. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध येथील उदंचन केंद्रे उभी राहिली, ती मात्र २००५ च्या प्रलयानंतर. ही दिरंगाई इंग्रजांच्या माथी मारता येणार नाही.

११/ पंप म्हणजे बुजवलेल्या पोयीचे विजेवर चालणारे प्रायश्चित्त. ते आवश्यकच आहे. पण उरलेली खाजणे, मिठागरे आणि कांदळवने ‘पडीक जमीन’ म्हणून भरावाला देऊ केली जातात, तेव्हा तीच चूक नव्याने होत असते.

१२/ म्हणून यापुढे कोणी ‘इंग्रजांची गटारे’ म्हणून उसासा टाकला, तर त्याला एकच प्रश्न विचारावा : भरतीच्या वेळी दार मिटल्यावर आतले पाणी कुठे थांबणार होते? खारपट्ट्यातील शेतकऱ्याने या प्रश्नाचे उत्तर आधी शोधले होते आणि मगच उघाडी बसवली होती.

(समाप्त)